मिसो सूपची चव दाशीत असते

जपानी मिसो सूप पाणचट झालं की हात पुन्हा मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याच्या, डब्याकडे जातो. सूप खारट होतं, पण चव काही भरत नाही. कमी पडलेली असते ती दाशी, म्हणजे ज्या पातळ अर्कात हे सूप होतं तो अर्क.

चार जणांसाठी १ लिटर पाणी, १० ग्रॅम कोम्बू (वाळवलेलं जाड समुद्री शेवाळ) आणि २० ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, घ्यावेत. कोम्बू ओल्या फडक्याने नुसता पुसावा, धुऊ नये. त्यावरची पांढरी भुकटी बहुतेकदा मॅनिटॉलची असते, बुरशी नव्हे. अर्धा तास थंड पाण्यात भिजवून भांडं मंद आचेवर ठेवावं आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसताच कोम्बू काढावा. उकळला तर त्यातलं अल्जिनेट सुटून अर्क बुळबुळीत होतो, वासही उग्र येतो. मग पाण्याला उकळी आणून आच बंद करावी, पापुद्रे टाकावेत आणि एक-दोन मिनिटांत गाळावेत. पिळू मात्र नयेत. पिळले की कडवटपणा आणि माशाचा वास उतरतो.

दोन्ही जिनसा लागतात त्या का? टोकियोत रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ साली कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं केलं आणि उमामी, म्हणजे जिभेवर रेंगाळणारी भरीव चव, ही स्वतंत्र चव असल्याचं मांडलं. १९१३ साली शिंतारो कोदामांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. जिभेवरच्या ग्राहक प्रथिनाला ग्लुटामेट चिकटतं, तेव्हा शेजारीच बसलेलं इनोसिनेट ती पकड टिकवून धरतं. म्हणून दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कित्येक पटींनी वाढते. मासे न खाणाऱ्यांनी सुके शिताके मशरूम वापरावेत. त्यांतलं ग्वानिलेट हेच काम करतं. चार-पाच मशरूम रात्रभर फ्रिजमध्ये भिजवावेत.

पाणी मृदू हवं. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम कोम्बूच्या अल्जिनेटला घट्ट बांधतं आणि अर्क नीट उतरत नाही. आपल्याकडे दाशी फसण्याचं हे कारण सहसा ध्यानातच येत नाही. गाळणीयंत्राचं, आरओचं पाणी घ्यावं.

मुळा, बटाटा दाशीतच शिजवावा. तोफू नुसता गरम करावा. सुकं वाकामे शेवाळ वाटीला १ ग्रॅम पुरतं, कारण भिजल्यावर ते जवळजवळ दसपट होतं. मिसो सगळ्यात शेवटी, आच बंद करून, डावात थोड्या दाशीत कालवून घालावा. २०० मिलिलिटरला १५ ग्रॅम पुरे: नेहमीच्या मिसोत साधारण १२ टक्के मीठ असतं, त्यामुळे सूपमध्ये ते ०.८ टक्क्यांच्या आसपास येतं. क्योतोच्या गोडसर पांढऱ्या मिसोत मीठ बरंच कमी, म्हणून तो जास्त लागतो. मिसो घातल्यावर सूप उकळू देऊ नये. आंबवणातून आलेले सुगंधी रेणू वाफेबरोबर उडून जातात आणि मागे खारटपणा तेवढा उरतो.

गाळलेला कोम्बू आणि पापुद्रे टाकू नयेत. अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं मंद उकळले की दुसरी दाशी मिळते. ती पहिलीइतकी सुवासिक नसते, पण भाज्या शिजवायला आणि रोजच्या मिसो सूपला चांगली चालते.