पार्श्वभूमी : बक्षिसाचं काम आणि कल्पकता

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या फ्लेक्स-डीटीपीच्या दुकानांत कोरलड्रॉ या चित्रं-अक्षरं मांडायच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्या मुलाला आज घरबसल्या परदेशी लोगो-स्पर्धेत उतरता येतं. तिथे तो किती कल्पक ठरेल, हे त्याच्या प्रतिभेइतकंच स्पर्धेच्या नियमांवर ठरतं.

प्रश्न जाहीर करून बक्षीस लावायची रीत जुनी. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये समुद्रावर रेखांश काढण्याच्या पद्धतीसाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. खगोलशास्त्रज्ञांच्या या प्रश्नाला टिकाऊ उत्तर दिलं ते सुतारकी शिकलेल्या जॉन हॅरिसनच्या घड्याळाने. बाहेरच्याचं पारडं जड असणं हा योगायोग नव्हे. कंपन्यांचे वैज्ञानिक प्रश्न बक्षीस लावून जाहीर करणाऱ्या, २००१ मध्ये सुरू झालेल्या इनोसेंटिव्ह या संकेतस्थळावरच्या १६६ प्रश्नांचा अभ्यास जेपेसन आणि लखानी या संशोधकांनी २०१० मध्ये मांडला. प्रश्नाच्या क्षेत्रापासून दूर असलेले लोक जिंकण्याची शक्यता जास्त निघाली.

असं काम खुल्या गर्दीकडून करून घेण्याला ‘क्राउडसोर्सिंग’ म्हणतात; हे नाव २००६ मधलं, पत्रकार जेफ हाउ यांनी रूढ केलेलं. २००८ मध्ये मेलबर्नहून नाइन्टीनाइन डिझाइन्स हे डिझाइन-स्पर्धांचं संकेतस्थळ सुरू झालं आणि लोगो-स्पर्धेचा धंदा स्थिरावला. आपल्याकडे रुपयाचं चिन्ह (२०१०) खुल्या स्पर्धेतून आलं. स्वच्छ भारतचा लोगो (२०१४) कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा.

स्पर्धक वाढले की काम सुधारतं का? टॉपकोडर या संकेतस्थळावरच्या ९,६६१ सॉफ्टवेअर-स्पर्धांवरचं २०११ चं संशोधन सांगतं, की गर्दी वाढली की प्रत्येकाची मेहनत सरासरीने घटते. पण उत्तर कुठल्या वाटेने मिळेल हेच ठाऊक नसलेल्या प्रश्नात एखादं अफाट उत्तर हाती लागण्याची शक्यता वाढते. यात फायदा गिऱ्हाइकाचा, हरणाऱ्याची रात्र फुकट.

खरी गोम ताऱ्यांत आहे, म्हणजे स्पर्धा चालू असताना गिऱ्हाईक प्रत्येक लोगोला देतं त्या गुणांत. लोगोला चांगले तारे मिळाले की डिझायनर त्याचाच रंग, फॉन्ट बदलून पाठवत राहतो. तोडीस तोड स्पर्धक समोर असला तर तोच माणूस नवी कल्पना काढतो; तगडे फार झाले की नाद सोडतो. अर्थतज्ज्ञ डॅनियल ग्रॉस यांनी लोगो-स्पर्धांतल्या चित्रांची संगणकाने तुलना करून हे दाखवलं. संशोधक बॅरी बेयस यांना डेल या संगणक-कंपनीकडे ग्राहकांनी पाठवलेल्या सूचनांत हीच खोड दिसली : एकदा सूचना मान्य झाली की माणूस तिच्याच जवळपास घुटमळतो.

खानदेशातल्या फ्लेक्सच्या हाताला आणखी एक अडचण. दहा बाय आठ फुटांवर फोटो, नावं, ग्रेडियंट कोंबायची सवय असते. लोगो मात्र ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलमध्येही ओळखू यावा लागतो. म्हणून आधी काळ्या-पांढऱ्यात काढावा, अगदी लहान करून पाहावा, मग रंग. अमेरिकेतला अभिप्राय आपल्याकडे बहुधा रात्री येतो. चार दिवसांच्या फेरीत तो दुपारी उघडला, तर सुधारणेची एक पाळी हुकलीच.

स्पर्धेऐवजी तासावर पैसे मिळणाऱ्या कामाची रचना वेगळी. अशी कामं मिळवून देणाऱ्या ओडेस्क या संकेतस्थळाने (२०१५ पासून अपवर्क) पडद्याचे फोटो दर दहा मिनिटांना टिपायला सुरुवात केली, सोबत कीबोर्ड-माउसच्या हालचालीची नोंद. कागदावर पेन्सिलीने विचार करणारा तिथे रिकामा बसलेला दिसतो. मग मुलं विचार आटपून लवकर पडद्यावर येतात आणि पहिलंच सुचलेलं काढतात. यावर तोड एवढीच, की कल्पनेचा टप्पा ठोक रकमेवर घ्यावा आणि दुरुस्त्या तासावर.