एका दिवसापुरती मायबोली

जानेवारी उजाडला की स्कॉटलंडच्या प्राथमिक शाळांतली मुलं कविता पाठ करायला लागतात. कवी बहुधा रॉबर्ट बर्न्स आणि मुहूर्त २५ जानेवारीचा, म्हणजे त्याच्या वाढदिवसाचा. कुणी नांगराखाली घरटं मोडलेल्या उंदराची कविता म्हणतं, कुणी हॅगिससमोर उभं राहून त्याची स्तुती गातं. हॅगिस म्हणजे मेंढीची कलेजी, हृदय नि फुफ्फुसं बारीक करून, त्यात ओटचा भरडा, कांदा आणि चरबी घालून तिच्याच पोटाच्या पिशवीत शिजवलेला गोळा. वजडी खाणाऱ्याला त्याचं फार नवल वाटू नये. कवितेत सुरी आली की सुरी पुसायची, पुढच्या ओळीला ती खुपसायची. मुलांच्या लक्षात राहतं ते हेच. तिकडे राहणाऱ्या मराठी आईबापांनी पाठांतर घ्यायला कविता हातात घेतली, तर निम्मे शब्द अडतील. कारण ही भाषा इंग्रजी नव्हे, स्कॉट्स आहे.

स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण. डोंगराळ उत्तरेतली गेलिक वेगळी, तिचं कूळच निराळं. सोळाव्या शतकात स्कॉटलंडचा दरबार, कायदा आणि काव्य स्कॉट्समध्ये चालत होतं. मग १५६० च्या धर्मसुधारणेनंतर घरोघर पोचलं ते बायबल इंग्रजीतलं. १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये संसदही गेली. शिकल्यासवरल्या माणसानं इंग्रजी बोलावं, स्कॉट्स शेतावर नि चुलीपाशी ठेवावी, अशी वाटणी होत गेली.

बर्न्सचं बालपण नेमकं या वाटणीतलं. जन्म १७५९ चा, एअरशरमधल्या अ‍ॅलोवे गावी. बाप शेतकरी, पण शिक्षणाचा भुकेला. १७६५ मध्ये त्यानं शेजाऱ्यांसह वर्गणी काढून जॉन मर्डॉक नावाचा अठरा वर्षांचा मास्तर नेमला आणि पोराला नीट इंग्रजी शिकवलं. आई लोकगीतं गायची. तिच्या नात्यातली बेटी डेव्हिडसन ही म्हातारी भुतांच्या नि चेटकिणींच्या गोष्टी सांगायची. आपल्या कवितेचं बी तिथं पडलं, असं बर्न्सनंच पुढे पत्रात लिहिलं. उंदराच्या कवितेत हे दोन्ही संस्कार दिसतात. पहिलं कडवं अस्सल स्कॉट्समध्ये, उंदराशी घरगुती बोलणं. दुसऱ्यात माणूस निसर्गाशी कसा वागतो याबद्दलची खंत, आणि ती जवळजवळ शुद्ध इंग्रजीत! १७८६ मध्ये किलमार्नकला त्याचा पहिला संग्रह छापला, प्रती ६१२. एडिंबराच्या एका समीक्षकानं त्याला देवानंच शिकवलेला नांगऱ्या ठरवून टाकलं. मर्डॉक मास्तरांवर हा अन्यायच झाला.

१७९६ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, बर्न्स वारला. पाच वर्षांनी, १८०१ च्या जुलैत, नऊ स्नेही अ‍ॅलोवेच्या, बर्न्स जन्मला त्याच झोपडीत पुण्यतिथीला जेवायला जमले. हॅगिस होतं, कविता होत्या. त्या जेवणातून पुढे जयंतीच्या जेवणाची प्रथा पडली. सुरुवातीला जयंती चुकून २९ जानेवारीला होत असे, ती चर्चच्या जन्मनोंदी पाहून सुधारली. या जेवणांत मुलांना जागा नव्हती. तो व्हिस्की पिणाऱ्या पुरुषांचा मेळा होता.

मुलांपर्यंत बर्न्स पोचवला तो शाळेनं, आणि इथंच खरी गंमत आहे. १८७२ च्या कायद्यानं ५ ते १३ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं, ते इंग्रजीतून. गेलिकची त्यात दखलच नव्हती आणि स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्रजी अशी समजूत होती. वर्गात तोंडून घरचा शब्द निघाला तर हातावर टॉजचा, म्हणजे टोकाला चिरलेल्या चामडी पट्ट्याचा, फटका बसे. सरकारी शाळांत हा पट्टा १९८७ पर्यंत कायदेशीर होता. २५ जानेवारीला मात्र त्याच भाषेतल्या पाठांतराला बक्षीस मिळे! वर्षातून एक दिवस कौतुक, उरलेल्या दिवसांत फटके, ही आठवण तिथल्या जुन्या पिढीतले अनेकजण सांगतात. १९४६ मध्ये प्राथमिक शिक्षणावरच्या सरकारी सल्लागार मंडळानं तर लिहूनच टाकलं, की स्कॉट्स ही कुठल्याही सुशिक्षितांची भाषा नाही. बर्न्सचे पुतळे तेव्हा गावोगाव उभे होते.

स्कॉटलंडमधल्या पर्थचा कवी विल्यम साउटर हे आधीच ओळखून होता. दुखण्यानं तो १९३० पासून अंथरुणाला खिळला होता. १९३१ मध्ये त्यानं एका कविमित्राला लिहिलं, की ही भाषा जिवंत परत यायची असेल तर आधी पोरांच्या लाकडी घोड्यावर बसूनच येईल. मग त्यानं स्कॉट्समध्ये बालगीतं लिहिली, प्राण्यापक्ष्यांची, खट्याळ. माझ्या मते मुलांना बर्न्सच्या हॅगिसस्तोत्रापेक्षा ती लवकर भिडतील; हॅगिसस्तोत्र मुळात मोठ्यांच्या पंगतीचं.

घोडा दौडायला सत्तर वर्षं लागली. २००२ मध्ये 'इची कू' ही बालपुस्तकांची मालिका सुरू झाली. नावाचा अर्थ, अंगाला खाज आणणारी वस्तू. तिच्यातून चित्रपुस्तकं आणि बालकविता निघाल्या, अगदी हॅरी पॉटरही स्कॉट्समध्ये आला. २०११ च्या जनगणनेत या भाषेबद्दल प्रथमच प्रश्न विचारला गेला. पण आपण घरी बोलतो तीच स्कॉट्स का, याची अनेकांना खात्री नव्हती. म्हणून ऐकून ठरवता यावं यासाठी एका संकेतस्थळावर बोलण्याचे नमुने ठेवावे लागले. बोलता येतं म्हणणारे १५ लाखांवर निघाले. २०२५ मध्ये गेलिकबरोबर स्कॉट्सलाही कायद्यानं अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. तक्रार मात्र जुनीच ऐकू येते: बऱ्याच शाळांत ती अजून हॅगिसबरोबरच बाहेर निघते.