झाकण उघडलंत तर वास येईल

दक्षिण कोरियातल्या जोंजू शहरात आईवडिलांना सकाळी बाहेर खायला न्यायचं, तर पाय आपोआप 'कोंगनामुल गुकबाप'च्या दुकानाकडे वळतात. कोंगनामुल म्हणजे मोड आलेले सोयाबीन, गुक म्हणजे पातळ रस्सा आणि बाप म्हणजे भात. वडिलांना नेऊन 'बाप' खाऊ घालायचा, ही गंमत फक्त मराठी कानांनाच कळणार!

आपल्या मटकीचे मोड जेमतेम पेरभर. कोंगनामुल मात्र अंधारात, वरचेवर पाणी घालून चांगले बोटाहून लांब वाढवतात. अंधारामुळे ते हिरवे न होता पिवळेच राहतात. कोरड्या सोयाबीनमध्ये 'क' जीवनसत्त्व जवळपास नसतंच, ते मोड येताना तयार होतं.

हे मोड शिजवण्याचा तिथला घरोघरीचा नियम असा: झाकण ठेवलंत तर शिजेपर्यंत उघडू नका, नाहीतर सुरुवातीपासून उघडंच ठेवा. मध्येच डोकावलं की कच्च्या सोयाबीनचा उग्र वास येतो. ही करामत लायपॉक्सिजिनेज नावाच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची. तो सोयाबीनमधल्या स्निग्ध पदार्थांशी हवेतल्या ऑक्सिजनचा संयोग घडवतो आणि त्यातून हेक्झानलसारखी वासाची द्रव्यं बनतात. झाकणाखाली पाणी भराभर तापतं आणि विकर निकामी होतो. अर्धवट शिजताना झाकण काढलं तर आच उतरते, ताजी हवा आत शिरते, त्याला आयतीच संधी मिळते. भांडं उघडंच असेल तर तयार झालेला वास वाफेबरोबर निघून जातो.

रश्शाला चव येते ती सुकवलेल्या मांदेलीसारख्या छोट्या माशांची आणि समुद्री शेवाळाची. शेवाळातलं ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली वेगळं केलं. माशातलं इनोसिनेट हे दुसरं चवीचं द्रव्य त्याच्या जोडीला आलं की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. वयानुसार वास घेण्याची शक्ती मंदावते, तोंडही कोरडं पडतं. ही चव लाळ सुटायला मदत करते, म्हणून म्हातारपणी असा रस्सा रुचतो.

मला सगळ्यात आवडते ती 'तोरयोम'ची रीत. गार भातावर उकळता रस्सा ओतायचा, निथळायचा, पुन्हा ओतायचा. गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट झालेला असतो, त्यामुळे शितं रश्शात विरघळत नाहीत. शिळा भात फोडणीला टाकणाऱ्यांना हे सांगायला नको. शिवाय वाडगा समोर येईपर्यंत रस्सा खाण्याजोगा निवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात मातीचं भांडं खदखदतच टेबलावर येतं. 65 अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली म्हटलं. रस्सा काही पेय नव्हे, पण वडिलांसोबत असताना मी निथळलेला वाडगाच मागवेन.

चमचा आधी थोरल्यांनी उचलायचा. मग पहिला घोट घेऊन वडील म्हणतात, "शिवोनहादा!" शब्दशः अर्थ गारेगार. गरम रस्सा आणि तिखट मिरची, दोन्ही मज्जातंतूंवरच्या उष्णता ओळखणाऱ्या एकाच ग्राहीला (रिसेप्टरला) चेतवतात. मग कपाळावर घाम येतो आणि तो सुकता सुकता खरंच गार वाटतं.