चुकीचा स्वर हळू का वाजतो?

संगीत महाविद्यालयात पियानो शिकणाऱ्यांची पोलिश संगीतकार शोपेनच्या ओपस १० या संचातल्या दुसऱ्या एत्यूदशी (सरावासाठी लिहिलेल्या रचनेशी) कधी ना कधी गाठ पडतेच. १८३३ साली प्रसिद्ध झालेली ही रचना जेमतेम दीड मिनिटाची. उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी अशी तीन बोटं लागोपाठच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून न थांबता चढत-उतरत राहतात आणि त्याच वेळी त्याच हाताचा अंगठा आणि तर्जनी खाली तुटक कॉर्ड (एकाच वेळी दाबलेले स्वर) वाजवतात. एरवी अशी सलग धाव अंगठ्याच्या आधारानं घेतात. शोपेननं ती मुद्दाम सगळ्यात दुबळ्या बोटांकडे दिली आणि जवळजवळ प्रत्येक स्वरावर बोटाचा क्रमांक लिहून ठेवला, त्यामुळे पळवाटेला जागाच उरत नाही.

ही बोटं दुबळी का, याचं उत्तर हाताच्या रचनेत आहे. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. हाताच्या पाठीवर अनामिकेची कंडरा शेजारच्या कंडरांशी आडव्या धाग्यांनी जोडलेली असते. तळवा टेबलावर टेकवा, मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि आता अनामिका उचलून बघा. ती जागची हलत नाही. कितीही सराव केला तरी ही जोडणी सुटत नाही. त्यामुळे या एत्यूदचा प्रश्न स्नायूंच्या ताकदीवर सुटत नाही. मनगट किती मोकळं ठेवायचं, हाताचा भार कोणत्या क्षणी कोणत्या बोटावर न्यायचा, हे मेंदूला शिकावं लागतं.

त्यात वेगाची भर पडते. मेट्रोनोमचा, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा, छापील आकडा मिनिटाला १४४ ठोके, आणि प्रत्येक ठोक्यात चार स्वर. म्हणजे सेकंदाला ९.६ स्वर, दोन स्वरांमध्ये सुमारे १०४ मिलिसेकंद. कानावर आवाज पडल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. वाजलेला स्वर ऐकून पुढचा ठरवायचा म्हटलं, तर ठरेपर्यंत तो स्वर निघून गेलेला असतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९५१ साली नेमका हाच मुद्दा मांडला होता. एवढ्या जलद हालचाली एकीच्या जाणिवेतून दुसरी अशा जन्मत नाहीत, त्यांचा आराखडा आधीच तयार असावा लागतो.

हा आराखडा चुकांमधून दिसतो. कॅरोलिन पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवादकांच्या चुका गोळा करून त्यांचा अभ्यास केला. नवशिका चुकतो तेव्हा बहुतेक वेळा आधीच वाजून गेलेला स्वर पुन्हा वाजवतो. तयारीचा वादक चुकतो तेव्हा पुढे येणारा स्वर आधीच वाजवून टाकण्याचं प्रमाण वाढतं. त्याचं मन पुढच्या स्वरांवर पोचलेलं असतं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण चुका सगळ्या सारख्या नसतात आणि चूक कशी झाली यावरून शिकणारा कुठवर आलाय ते कळतं.

याहून थक्क करणारी गोष्ट २००९ साली जर्मनीतल्या दोन संशोधक गटांनी दाखवली. पियानोवादक वाजवत असताना त्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी टिपल्या गेल्या. चुकीची पट्टी दाबली जाण्याच्या सुमारे ७० ते १०० मिलिसेकंद आधीच मेंदूत चुकीची खूण उमटलेली होती, आणि ती चुकीची पट्टी बरोबर पट्ट्यांपेक्षा हळू दाबली गेली होती. म्हणजे चूक होणार हे मेंदूला तिचा आवाज होण्याआधीच कळतं. हात थांबवायला मात्र तेवढा वेळ पुरत नाही, फक्त जोर थोडा आवरता येतो. मैफलीत चुकीचे स्वर अनेकदा श्रोत्यांच्या लक्षात येत नाहीत, त्याचं एक कारण हेही असावं.

म्हणजे चूक बोटात नसते, आराखड्यात असते. हे मान्य केलं की सराव कसा करायचा हा प्रश्नच बदलतो. टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी पियानोच्याच वरच्या वर्गांतल्या सतरा विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोमधला (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला) तीन बारचा, म्हणजे तालाच्या तीन आवर्तनांचा, अवघड तुकडा दिला. हवा तेवढा वेळ घ्या, सराव करा, उद्या येऊन वाजवा, एवढंच सांगितलं. कुणी लवकर उठलं, कुणी त्याच्या कितीतरी पट वेळ बसून राहिलं. दुसऱ्या दिवशीचं वादन ऐकून क्रम लावला, तेव्हा सरावाची मिनिटं आणि क्रम यांचा काही संबंध लागेना. एकूण किती वेळा वाजवलं याचाही नाही. संबंध होता तो चुकीचं किती वेळा वाजवलं याच्याशी.

पहिल्या तिघांकडूनही सुरुवातीला इतरांसारख्याच चुका झाल्या होत्या. पण चूक झाली की ते तिथेच थांबले. नेमका कोणता स्वर, कोणतं बोट, कोणती उडी, ते त्यांनी शोधलं. तेवढाच भाग लय कमी करून वाजवला, पक्का झाला की लय वाढवली, पुन्हा डळमळला की पुन्हा कमी केली. चूक येणार असं वाटलं तर ती व्हायच्या आधीच हात थांबवला. बाकीचे चूक ओलांडून पुढे जात होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. असं केलं की मेंदू बरोबर वाट शिकतो तशी चुकीची वाटही तितक्याच इमानानं शिकतो. पुढे मंचावर दडपण आलं की या दोन वाटांपैकी कोणती उघडेल ते सांगता येत नाही.

झोपेचाही यात वाटा आहे. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमात कळा दाबायला शिकलेल्यांचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढला, अचूकता न घटता. तेवढेच तास जागं राहिलेल्यांमध्ये असा फरक पडला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सराव करणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं.

आता पाठांतर. पुढ्यात कागद न ठेवता वाजवणं आज गृहीत धरलं जातं, पण १८३७ साली बर्लिनमध्ये तरुण क्लारा वीक (पुढे क्लारा शूमान) तशी वाजवायला बसली तेव्हा काहींना तो उद्धटपणा वाटला होता. पुढे तिनं आणि पियानोवादक लिस्टनं ही पद्धत रूढ केली आणि तेव्हापासून मंचावर मधेच विसरण्याची भीती पियानोवादकाच्या पाठी लागली. सरावानं बोटांत बसलेली आठवण साखळीसारखी असते, एक हालचाल पुढचीला खेचून आणते. पाढा मधूनच विचारला की आपण पहिल्यापासून म्हणायला लागतो, तसंच इथे होतं. कडी तुटली तर सुरुवातीला जावं लागतं, आणि भर मैफलीत तसं करता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी पियानोवादक गॅब्रिएला इम्रे यांच्यासोबत यावर दीर्घ अभ्यास केला. बाखच्या इटालियन कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग शिकताना इम्रे यांनी आपला सगळा सराव चित्रित केला. त्यात दिसलं की त्या रचनेत जागोजागी खुणा पेरत होत्या: इथे विभाग बदलतो, इथे बोटांची अडचण आहे, इथे भाव पालटतो. दोनेक वर्षांनी त्यांना पहिलं पान आठवणीतून लिहायला सांगितलं, तेव्हा विभागांच्या सुरुवातीचे बार सगळ्यात चांगले आठवले आणि तिथून पुढे जावं तशी आठवण विरळ होत गेली. पक्की तयारी असलेला विद्यार्थी अशा कुठल्याही खुणेपासून वाजवायला सुरुवात करू शकतो. रिसायटलच्या (एकल मैफलीच्या) आधी शिक्षक ‘दुसऱ्या विभागापासून घे’, ‘आता शेवटच्या पानापासून’ असं उलटसुलट विचारतात, ते यासाठीच.

स्वर पाठ झाले तरी आवाज कमवायचा उरतो. पियानोची हातोडी तारेवर आपटण्याच्या क्षणभर आधी पट्टीपासून सुटते आणि शेवटचा प्रवास मोकळी करते. वादकाच्या हातात उरतो तो तिचा वेग. हातोडी जोरात आली की तिच्यावरचं दाबलेल्या लोकरीचं आवरण तारेवर जास्त दाबलं जाऊन कडक होतं, आणि आवाज मोठा होतो तसा धारदारही होतो. कॉर्डमधला वरचा स्वर उठून दिसावा म्हणून वादक त्या बोटाला थोडा जास्त वेग देतो, आणि त्याची हातोडी बाकीच्यांच्या सुमारे ३० मिलिसेकंद आधी तारेवर पोचते. हे अंतर वादक मोजत नाही, वेगातून ते आपोआप पडतं. कानाला ऐकू येते ती फक्त गाणारी चाल.

मेंदू एवढ्या बारकाईनं शिकतो, तसाच तो बिघडूही शकतो. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला फोकल डिस्टोनिया हा हालचालींवरचा ताबा सुटण्याचा आजार होतो. बोट दुखत नाही, सुजत नाही, पण वाजवायला बसलं की आपोआप आत वळतं, आणि इतर कामं करताना तेच बोट नीट चालतं. अशा वादकांच्या मेंदूत बोटांच्या स्पर्शाचे नकाशे एकमेकांच्या फार जवळ आलेले आढळले आहेत, शेजारशेजारच्या बोटांच्या सीमा पुसट झाल्यासारखे. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी १९६४च्या सुमारास अशीच वळू लागली. आधी त्यांनी सराव वाढवून पाहिला. मग अनेक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले. नव्वदच्या दशकात स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम विषाच्या सूक्ष्म मात्रेची इंजेक्शनं सुरू झाल्यावर ते पुन्हा दोन्ही हातांनी मंचावर आले. आजार बरा झालेला नव्हता, आटोक्यात होता. म्हणून सरावात एखादं बोट सारखं आपल्या मनानं वळायला लागलं, तर त्याच जागेवर जास्त घासून ते सुधारायला जाऊ नये. त्याच आठवड्यात शिक्षकांना आणि वादकांचे आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांना हात दाखवावा.