पाणी धोक्याच्या वर आहे आणि नाहीही

कृष्णेचं पाणी चढू लागलं की सांगलीत घरोघरी मोबाईलवर दोन्ही निरोप येतात: ‘पाणी धोक्याच्या वर गेलं’ आणि ‘अजून गेलेलं नाही’. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. एक निरोप मध्यरात्रीचा आणि दुसरा पहाटेचा असेल, तर दोन्ही खरे असू शकतात. पण त्याच पुलापाशी, त्याच क्षणी, त्याच खुणेबद्दल? मग दोन्ही खरे असणं अशक्य.

तर्कशास्त्रात याला अव्याघाताचा नियम म्हणतात. ॲरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात तो मांडला, तेव्हा ‘एकाच वेळी’ आणि ‘एकाच दृष्टीने’ या अटी मुद्दाम घातल्या. माझ्या मते नियमाचा सगळा जीव या अटींतच आहे. जैनांचा स्याद्वाद, म्हणजे प्रत्येक विधान कुठल्या तरी एका दृष्टीनेच खरं असतं हे मत, हा नियम मोडतो, असं पुष्कळदा ऐकू येतं. मला ते पटत नाही. स्याद्वादानुसार वस्तू आपलं द्रव्य (मूळ पदार्थ), क्षेत्र (जागा), काल आणि भाव (अवस्था) यांच्या दृष्टीने ‘आहे’, दुसऱ्या वस्तूंच्या द्रव्य-क्षेत्रादींच्या दृष्टीने ‘नाही’. म्हणजे अटी इथेही आहेतच, उलट जास्त काटेकोर.

विरोध खपवून घेतला तर बिघडतं काय? समजा, ‘पाणी 45 फुटांच्या वर आहे’ हे खरं आणि ‘नाही’ हेही खरं. पहिलं खरं, म्हणून ‘पाणी 45 च्या वर आहे किंवा मिरजेला समुद्र आहे’ हेही खरं. ‘किंवा’च्या एका बाजूचं खरेपण पुरतं. आता दुसरं विधान घ्या: पाणी वर नाही. पहिली बाजू गळाली, उरला मिरजेचा समुद्र! त्याच वाटेने काहीही सिद्ध होतं. एका विसंगतीपायी खऱ्याखोट्याची निवडच संपते.

ही वाट अडवणारेही आहेत. ब्राझीलचे तर्कशास्त्रज्ञ न्यूटन दा कोस्टा यांनी 1960च्या दशकात विसंगती पोटात घेऊनही न कोसळणारी तर्कपद्धती उभी केली. तत्त्वज्ञ ग्रॅहम प्रीस्ट त्याही पुढे जातात: ‘हे वाक्य खोटं आहे’ हे वाक्य खरं मानलं तर खोटं ठरतं आणि खोटं मानलं तर खरं, म्हणून ते खरं आणि खोटं दोन्ही आहे, असं ते मानतात. त्यांच्या पद्धतीत वरची शेवटची पायरीच चालत नाही. पहिली बाजू खोटी असूनही खरीही असू शकते, म्हणून ती गळत नाही. अशा स्वतःभोवती फिरणाऱ्या वाक्यांपुरता त्यांचा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. नदीच्या पातळीला मात्र तो लागू पडत नाही, आणि खुद्द प्रीस्टही रोजच्या व्यवहारातल्या बहुतेक विसंगती खोट्याच मानतात.