पादशाही साम्राज्य (ड्यून) : राज्यव्यवस्था

अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट (१९२०–८६) यांच्या 'ड्यून' (१९६५) या विज्ञानकादंबरीतील व तिच्या पुढील भागांतील आंतरतारकीय साम्राज्य आणि त्याची शासनपद्धती. माणसाची वस्ती असलेले सगळे ज्ञात ग्रह या साम्राज्यात मोडतात. सिंहासन कोरिनो घराण्याचे. कथा सुरू होते तेव्हा या घराण्याचा ८१ वा पादशहा शद्दाम चौथा कायटेन या राजधानीच्या ग्रहावरून राज्य करतो आहे आणि साम्राज्याच्या पंचांगात १०१९१ हे वर्ष चालू आहे. ही कालगणना कोणा पादशहाच्या राज्यारोहणापासून मोजत नाहीत. अंतराळप्रवासाची आणि ग्रहांमधल्या पेढीव्यवहाराची मक्तेदारी 'गिल्ड' या संस्थेच्या हाती गेली, तिथून ती सुरू होते. साम्राज्यात खरे वजन कोणाचे, याचा पहिला सुगावा इथेच लागतो.

सत्तेची मांडणी तीन पायांवर आहे. एका बाजूला पादशहा आणि त्याचे सार्डोकार सैन्य, दुसरीकडे ग्रहांच्या जहागिऱ्या बाळगणाऱ्या मोठ्या घराण्यांची सभा म्हणजे लँड्सराड, आणि या दोहोंच्या मध्ये गिल्ड. कादंबरीतली एक वृद्ध धर्ममाता तरुण नायकाच्या आईला सुरुवातीलाच बजावते की राजकारणात तिपाई ही सर्वांत डळमळीत रचना. पुढची सारी कथा तिचे म्हणणे खरे करून दाखवते.

या रचनेच्या मुळाशी एक जुने यंत्रविरोधी धर्मयुद्ध आहे. गिल्डपूर्व २०१ ते १०८ या काळात विचार करणारी सर्व यंत्रे नष्ट करण्यात आली आणि माणसाच्या मनाची नक्कल करणारे यंत्र बनवणे हे महापाप ठरले. गणकयंत्रांची जागा माणसांनी घेतली. हिशेब आणि डावपेचांसाठी घराण्यांनी 'मेंटाट' पदरी ठेवले. जहाजांना वाट दाखवण्याचे काम गिल्डच्या नाविकांकडे गेले. हर्बर्ट यांनी भविष्यात सरंजामशाही का आणली, असे पुष्कळदा विचारले जाते. केवळ हौस म्हणून नव्हे, असे दिसते. यंत्रांवाचून हजारो ग्रहांचे दफ्तर एका राजधानीतून सांभाळणे शक्य नाही आणि प्रवास महाग, तोही एकाच संस्थेच्या मर्जीवर. अशा वेळी ग्रह एकेका घराण्याला लावून देणे हाच सोयीचा मार्ग उरतो.

ग्रह ज्याच्या ताब्यात तो 'सिरीदार'. अट्रेडीस घराण्याचा ड्यूक लेटो कॅलाडन ग्रहावर पिढीजात राज्य करतो, हारकोनेन बॅरन गिएदी प्राइमवर. सगळ्या जहागिऱ्या मात्र एका दर्जाच्या नसतात. अराकिस हा वाळवंटी ग्रह हारकोनेनांकडे ८० वर्षे होता तो 'चोम' या व्यापारी कंपनीच्या करारान्वये, म्हणजे एका अर्थाने ठेक्यावर. पादशहा तो काढून लेटोला देतो तेव्हा पूर्ण जहागीर म्हणून देतो. वरून बढती, आतून सापळा. हस्तांतरावर देखरेख करायला 'बदलाचा न्यायाधीश' हा अधिकारी पादशहा आणि लँड्सराडचे उच्च मंडळ मिळून नेमतात. त्याच्या अधिकाराला आव्हान द्यायचे तर ते उच्च मंडळापुढे आणि पादशहाच्या समक्षच देता येते. अराकिसवर हे काम साम्राज्याचा ग्रहशास्त्रज्ञ काइन्स याच्याकडे येते. कागदावर तो निष्पक्ष असतो; प्रत्यक्षात त्याला वरून काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, हे सांगून ठेवलेले असते.

लँड्सराडची एकही बैठक पहिल्या कादंबरीत घडत नाही. तरी तिचा धाक पानोपानी जाणवतो. घराण्याघराण्यांतल्या तंट्यांचा अंतिम निवाडा तिच्या उच्च मंडळाकडे असतो, पण तिचे खरे बळ निवाड्यात नाही. सार्डोकार एकेका घराण्याला गाठून संपवतील, ही भीती सर्वांना एकत्र ठेवते, आणि सगळी घराणी एकाच वेळी उठली तर सार्डोकारही पुरे पडणार नाहीत, ही भीती पादशहाला आवरते. म्हणूनच लेटोवर चालून जाणाऱ्या पादशाही सैनिकांना हारकोनेनांचा गणवेश चढवावा लागतो. लेटोचा गुन्हा एवढाच की लँड्सराडमध्ये त्याचा शब्द चालतो आणि त्याने सार्डोकारांच्या तोडीची छोटी फौज तयार केली आहे. हे सार्डोकार घडतात सालुसा सेकुंडस या ग्रहावर. तो कोरिनोंचा मूळ ग्रह. पुढे त्याचा तुरुंग करण्यात आला. तिथल्या हालअपेष्टांतून जे जगतात त्यांतून सैनिक निवडले जातात, आणि हे गुपित फुटू नये म्हणून दरबार जपतो.

युद्धाला बंदी नाही, पण त्याला रीत आहे. 'महाकरार' या सर्वमान्य तहाने घराण्यांमधले वैर नियमांत बसवले आहे. कान्ली म्हणजे जाहीर वैर, त्याआधी रीतसर सूचना, मग मारेकऱ्यांचे युद्ध. त्यातली शस्त्रेही ठरलेली, आणि हेतू हा की निरपराध माणसे कमी मरावीत. कराराचे प्रत्येक कलम 'रीत पाळलीच पाहिजे' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. मुख्य कलम अण्वस्त्रांचे. प्रत्येक मोठ्या घराण्याकडे ती असतात, मात्र माणसांवर वापरली तर इतर सारे मिळून त्या घराण्याचा ग्रहच नष्ट करतील. लेटोचा मुलगा पॉल शेवटच्या लढाईत अण्वस्त्रांनी डोंगराची कड फोडतो आणि सांगतो की मी ती माणसांवर नव्हे, दगडावर वापरली. कलमाचा शब्द पाळून त्याचा हेतू उडवण्याची ही कला या राज्यात सगळ्यांनाच अवगत आहे. हरलेल्या घराण्याला तुपिले नावाच्या आश्रयस्थानी जाता येते. ते कुठे आहे हे फक्त गिल्डला ठाऊक.

करारांच्या आणि रिवाजांच्या खाली पैसा आहे. चोम ही व्यापारी कंपनी जवळजवळ प्रत्येक मालाला हात घालते. लाकूड, जनावरे, अगदी कॅलाडनचा साधा पुंडी तांदूळसुद्धा तिच्यामार्फत जातो. तिची मालकी पादशहा आणि घराण्यांकडे. गिल्ड आणि बेने जेसेरिट हा स्त्रियांचा पंथ तिचे अबोल भागीदार. कोणाकडे किती संचालकपदे, यावर दरबारातले स्थान ठरते. जहागीर हे सत्तेचे बाहेरचे रूप, कंपनीतला वाटा हे आतले. 'ओपेक' ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना १९६० मध्ये स्थापन झाली, आणि चोम म्हणजे ओपेकच, असे हर्बर्ट यांनी स्वतः पुढे लिहिले. तेलाच्या जागी इथे मेलांज हा मसाला आहे. तो आयुष्य वाढवतो, व्यसन लावतो, आणि फक्त अराकिसवर मिळतो. सोलारी या चलनाचे मोल ठरवण्यासाठी पादशहा, लँड्सराड आणि गिल्ड दर ४०० वर्षांनी एकत्र बसतात. तिपाईचे तिन्ही पाय असे उघडपणे एका कामाला लागल्याचे उदाहरण विरळाच.

गिल्डचे वागणे या व्यवस्थेत सर्वांत विचार करण्यासारखे आहे. तिच्या जहाजाशिवाय सैन्य हलत नाही, धान्य हलत नाही, करही हलत नाही. अराकिसवर हल्ला करायला हारकोनेन बॅरनला कित्येक वर्षांच्या मसाल्याचे उत्पन्न केवळ वाहतुकीपायी ओतावे लागते. मनात आणले तर गिल्ड सिंहासन घेऊ शकली असती. ती घेत नाही. तिचे नाविक मसाल्याच्या अमलाखाली पुढचा धोका पाहतात आणि दर वेळी सुरक्षित वाट निवडतात. शतकानुशतके सुरक्षित वाटच निवडत गेल्याने ती साम्राज्याच्या अंगावर वाढलेले बांडगूळ होऊन बसली आहे. वर पैशाचा मोह सुटलेला नाही. अराकिसचे रहिवासी फ्रेमेन तिला मसाल्याची लाच देतात आणि त्या बदल्यात ती त्यांच्या आकाशात उपग्रह फिरकू देत नाही. साम्राज्याचा सर्वांत मोलाचा ग्रह त्यामुळे साम्राज्यालाच दिसत नाही. दक्षिणेकडे किती लोक राहतात, हे ना बॅरनला कळते ना पादशहाला.

बेने जेसेरिट पंथाला अधिकृत सत्ता नाही. पादशहाच्या शेजारी खरेखोटे ओळखणारी त्यांची स्त्री बसते, घराण्यांत त्यांच्या शिष्या बायका आणि उपपत्नी म्हणून जातात, आणि कोणाला कोणते मूल व्हावे याची आखणी पिढ्यान्‌पिढ्या चालते. शद्दामला पाच मुली आहेत, मुलगा एकही नाही. हे योगायोगाने घडलेले नाही.

सामान्य माणसासाठी एकच तत्त्व: प्रत्येकाला जागा नेमलेली आहे आणि प्रत्येकाने आपल्या जागी असावे. या वर्गव्यवस्थेला 'फोफ्रलूश' म्हणतात. लँड्सराडमध्ये रयतेचा प्रतिनिधी नाही, महाकरारात रयतेचे कलम नाही. ग्रह एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा माणसे मालमत्तेच्या यादीत जातात. या राज्यव्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष हाच म्हणावा लागेल, कारण तिचा पाडाव करणारे फ्रेमेन कुठल्याच यादीत नसतात.

पाडाव होतो तो एका धमकीने. फ्रेमेनांचा नेता बनलेला पॉल सांगतो की मी मसाल्याचे उत्पादन कायमचे बंद करू शकतो. गिल्डचे प्रतिनिधी तत्काळ त्याच्या बाजूला झुकतात. लँड्सराडच्या घराण्यांची जहाजे वर कक्षेत येऊन थांबलेली, पण गिल्डच्या हुकुमाविना त्यांना उतरता येत नाही. पुढचे सारे मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे घडते. पॉल हारकोनेन वारसाशी कान्लीच्या नियमाने द्वंद्व करतो, शद्दामची थोरली मुलगी इरुलान हिच्याशी लग्न ठरवतो, हुंडा म्हणून पादशहाचा चोममधला सगळा वाटा मागतो, आणि आपल्या जुन्या सरदारासाठी कॅलाडनची जहागीर व एक संचालकपद. शद्दामची रवानगी सालुसा सेकुंडसला होते.

नंतरच्या राज्यात तोल उरत नाही. १९६९ च्या दुसऱ्या भागात १२ वर्षांचे धर्मयुद्ध आणि ६१ अब्ज मृत्यू यांचा हिशेब पॉल स्वतःच मांडतो. पुजाऱ्यांची नोकरशाही कारभार बळकावते. राज्यघटनेची मागणी पुढे येते तेव्हा तो ती फेटाळतो. घटनेतली संघटित सत्ता राजाहूनही जुलमी, हा त्याचा युक्तिवाद. एकहाती सत्ता भोगणाऱ्याच्या तोंडी तो ऐकताना वाचकाने सावध राहावे, अशी लेखकाची अपेक्षा असावी; लोकांना भुरळ घालणाऱ्या नेत्यांबद्दल इशारा देण्यासाठी आपण ही कथा लिहिली, असे हर्बर्ट सांगत. पॉलचा मुलगा लेटो दुसरा याने मसाल्याचा सारा साठा स्वतःकडे घेतला, स्त्रियांचे सैन्य उभारले आणि सुमारे ३५०० वर्षे एकट्याने राज्य केले. गिल्ड व बेने जेसेरिट यांना तो मसाला तोलूनमापून देत असे. त्याच्या मृत्यूनंतर तिपाई पुन्हा उभी राहिली नाही. इक्स ग्रहाच्या कारागिरांनी वाट शोधणारी यंत्रे बनवली तेव्हा नाविकांची मक्तेदारी गेली, आणि जीवशास्त्रात तरबेज असलेल्या त्लेलाक्सू लोकांनी मसाला कृत्रिमरीत्या तयार केल्यावर अराकिसचीही.