सुपारी, गेम आणि तीनशे सात

‘मॅटर’ म्हणजे भांडण, ‘घोडा’ म्हणजे पिस्तूल, ‘गेम करणे’ म्हणजे जिवे मारणे. पुण्या-मुंबईतली शाळकरी पोरंही हे शब्द बोलताना अडखळत नाहीत. ‘फिजिक्सच्या पेपरनं आमची गेम केली’ असं म्हणणाऱ्याच्या मनात कुणाचा जीव घेणं नसतं, ते ऐकून दचकायचंही कारण नाही. पण शब्द आले कुठून, हे ठाऊक असावं.

मारण्याचं थेट नाव न घेणं मराठीला नवं नाही. पानिपतानंतर, १७६१ साली, आलेल्या सांकेतिक निरोपात पडलेली माणसं मोती, मोहरा आणि खुर्दा म्हणून मोजली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची कथा त्यातूनच रूढ झाली. आज ‘ध चा मा’ आपण कागदातल्या फेरफाराला म्हणतो. वाड्यातून जीव घेऊन पळणारा तो अठरा वर्षांचा मुलगा त्या शब्दांत उरलेला नाही.

सुपारीचा प्रवास सगळ्यात लांबचा. लग्न ठरलं की सुपारी फुटते. नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे लोक यात्रेसाठी तमाशाच्या फडाला सुपारी देतात. दिलेला शब्द पाळायचा, ही त्यामागची बोली. मुंबईच्या टोळ्यांनी नेमकी हीच बोली उचलली आणि खुनाला कामाचं रूप दिलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले आणि गिरणगावातली काही बेकार पोरं टोळ्यांकडे वळली. ‘पेटी’ म्हणजे लाख, ‘खोका’ म्हणजे कोटी, ही भाषा पोलिसांच्या कानाला चकवा देण्यासाठी होती. नव्वदच्या दशकात ती आधी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तांत आणि मग सिनेमांत उतरली. १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातून ‘मोक्का’ हा शब्द मिळाला, आणि तोही पोरांनी आपलासा केला.

मला खरा बदल इथे दिसतो. टोळीवाल्याचा शब्द लपण्यासाठी होता. हातात कोयता घेऊन रील टाकणाऱ्या मुलाचा शब्द दिसण्यासाठी आहे. ‘हाफ मर्डर’, म्हणजे खुनाचा प्रयत्न, हा त्यातला सगळ्यात निर्दय वाटतो. ज्याच्या डोक्यात वार बसला, जो महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून आहे, त्याच्या वाट्याला ‘अर्धा’ एवढंच येतं. ‘त्याच्यावर तीनशे सात आहे’, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलंय, यात तर जखमी माणूस मुळीच नाही. उरतो फक्त आकडा, आणि तो छातीवर लावायच्या बिल्ल्यासारखा सांगितला जातो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम ३०२ वरून १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ वरून १०९. पोरांच्या तोंडी मात्र अजून तीनशे सातच आहे.